उंदरांचे पाय

वसंत पराते हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही त्याला शिव्या घालणार, आणि मी तुम्हाला अडवणार नाही.

तांडापेठेतल्या त्या कोष्टीघरातला तो पहिला मॅट्रिक. आईबाप लवकर गेले. थोरला भाऊ नत्थूजी चौथीतून उठून मागाच्या खड्ड्यात उतरला, तो वीस वर्षं उतरलेलाच होता. हातमागाला हात लागतात हे जगाला ठाऊक आहे, पण खरं काम पायांचं. खड्ड्यात बसून डावी पावडी, उजवी पावडी, दिवसभर दाबत राहायची, तेव्हा कुठे ताण्याच्या उभ्या सुतांत वाट होते आणि आडवं सूत घेऊन धोटा धावतो. नत्थूजीच्या पिंढऱ्या खलबत्त्यासारख्या झाल्या होत्या. त्या पिंढऱ्यांवर धाकट्याची शाळा झाली, सायन्स कॉलेजची दोन वर्षं झाली, आणि इतवारीतल्या 'पहाटवारा' नावाच्या साप्ताहिकात त्याला मुद्रितं तपासायची नोकरी लागली. वसंत मग छापखान्याजवळच खोली घेऊन राहिला. खानावळीत जेवायचा आणि रविवारी मात्र न चुकता भावाकडे.

'पहाटवारा'चे मालक, संपादक आणि जाहिराती गोळा करणारे सगळे एकच, चंपतराव. त्यांच्या पेपरात आरोग्याचं एक सदर होतं. एकदा कोण्या वैद्यबुवानं त्यात निवडुंगाच्या चिकाचा काही उपाय छापला. लोकांची तोंडं सुजली आणि सुजलेली तोंडं घेऊन लोक ऑफिसात आले. चंपतराव मागल्या दारानं पळाले होते म्हणे. तेव्हापासून त्यांनी नेम केला, आधाराशिवाय आरोग्यावर एक ओळ छापायची नाही. मजकुराच्या खाली ठळक टाइपात 'आधार' असा शब्द, आणि त्यापुढे शास्त्रीय मासिकाचं नाव, महिना, वर्ष. परदेशी असेल तर सोन्याहून पिवळं.

"लोक मजकूर विसरतात, वसंत," ते म्हणायचे. "आधार होता एवढं विसरत नाहीत."

सदर वसंताकडे आलं ते दोन वर्षं सायन्स शिकला म्हणून. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला बिचारा. दर शनिवारी सायकल मारत तो एका दवाखान्याच्या वाचनालयात जायचा. तिथला कारकून एक तास बसू द्यायचा, वर एक मिनिट नाही. तर त्या तासात आधार शोधायचा. नीट ऐका, आधार शोधायचा. काय लिहायचं ते आधीच ठरलेलं असायचं. वाचकांची पत्रं यायची, चहा वाईट का हो, डालडा वाईट का हो, आणि विचारणाऱ्याला 'नाही हो, खुशाल घ्या' हेच ऐकायचं असायचं. वसंत मासिकं चाळायचा, 'खुशाल घ्या' म्हणणारा लेख मिळाला की थांबायचा. उलटं म्हणणारा मिळाला तर पान उलटायचा. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. घर बांधणारा माणूस आपल्या मापाचीच लाकडं निवडतो की नाही?

वाचायची रीतही त्याची घरचीच. गांधीबागेतला व्यापारी लुगडं घेतो तेव्हा नऊ वार उलगडून पाहत नाही. पहिली वीत अंगठ्याखाली घेतो, उजेडात धरतो, बस. ताणा एकच असतो, पहिल्या वितेत जे आहे तेच शेवटच्या वितेत निघतं. वसंत लहानपणापासून हे पाहत आला होता. शास्त्रीय लेखाच्या माथ्यावर दहा-बारा ओळींचा सारांश असतो. तेवढा वाचला की आख्खा लेख कळला, अशी त्याची खात्री होती. कोष्ट्याच्या पोरानंच करावी अशी ती चूक.

हे सगळं निभत होतं ते त्र्याहत्तर सालापर्यंत. आदल्या साली पाऊस गेलेला. तुरीची डाळ बाजारात दिसायची, पण गरिबाच्या ताटात दिसेना. मग घरोघर लाखोळी शिजू लागली. लाखोळी म्हणजे लाखेची डाळ, दिसायला तुरीची चुलत बहीण. कोरड्या जमिनीतही येते, स्वस्त असते, पोट भरते. जुनी माणसं तिच्याकडे पाहून नाक मुरडायची. म्हणायची, लाखोळी पोट भरते आणि पाय नेते.

एका रविवारी नत्थूजीची बायको रुख्माबाई वसंताला वाढता वाढता म्हणाली, "भाऊजी, मी लाखोळी आणून राहिली. पण माह्या माहेरी, उमरेडकडे, एक बुवा बसूनबसून सरकत होता. सारे म्हणत, लाखोळीनं पाय गेले त्याचे. खरं काय ते पाहा नं तुम्ही. तुम्ही पुस्तकात असता."

"पाहतो, वहिनी," वसंत म्हणाला. ऑफिसातही तशीच आठ पत्रं येऊन पडली होती.

त्या शनिवारी त्याच्यासमोर दोन लेख आले. एक जुना, पिवळ्या पडलेल्या कागदावरचा. कुणी डॉक्टर चार गावं फिरला होता आणि पाय अकडलेल्या माणसांना भेटून आला होता. कोण काय खात होतं, कधी चालणं बंद झालं, असं सगळं साधं लिहिलेलं. तक्ता नाही, आलेख नाही. दुसरा लेख नवा, परदेशी, चकचकीत. उंदरांना सहा महिने लाखोळी खाऊ घातली. वजन अमुक वाढलं, तमुक वाढलं, आणि एकाही उंदराचा पाय अकडला नाही. वसंताला दुसरा आवडला. आकडे होते, आणि मुख्य म्हणजे वहिनीला सांगायला बरं उत्तर होतं. पहिला लेख त्यानं मिटून कपाटात ठेवला. तास संपायला वीस मिनिटं होती, तरी तो उठला.

अंकात मथळा आला, 'लाखोळी : भीती किती, सत्य किती?' आणि शेवटी, 'शास्त्रज्ञांनी सहा महिने प्रयोग केला. एकाही प्राण्याच्या पायास अपाय झाला नाही. सबब लाखोळीची भीती हा निव्वळ समज होय.' खाली आधार.

नत्थूजीला काय आनंद झाला, सांगता सोय नाही. माझ्या भावानं लिहिलं, आणि तेही माझ्या घरच्या प्रश्नावर. सुताला लावायची खळ घेऊन त्यानं ते कात्रण मागासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. पुढल्या दोन दिवसांत तो गल्लीतल्या अकरा घरी स्वतः जाऊन आला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. गल्लीच्या वळणापलीकडची तुळसाबाई, तिचा मुकुंद नुकताच लग्न होऊन स्वतंत्र मागावर बसला होता, ती म्हणाली, "पण जुने लोकं तं म्हणतात का..."

"जुने लोकं मनचं बोलतात, मावशी," नत्थूजी म्हणाला. "याच्या खाली आधार आहे."

मग काय, सकाळी लाखोळीच्या पिठाची भाकर, दुपारी वरण, संध्याकाळी झुणका. रुख्माबाई स्वतः कमी खायची आणि नवऱ्याला जास्त वाढायची, कष्टाचा माणूस म्हणून. मायेनंच घात केला म्हणायचा, दुसरं काय.

दिवाळी झाली. नत्थूजीच्या पिंढऱ्यांत गोळे येऊ लागले. तेल चोळलं, शेकलं, वात आहे म्हणाले. मग पावडी दाबताना पाय उशिरानं हलू लागला. हुकूम डोक्यातून सुटायचा आणि पायात पोचेपर्यंत धोटा अडायचा. एका रविवारी वसंत आला तेव्हा नत्थूजी खड्ड्यातून बाहेर येत होता, दोन्ही हातांनी काठ धरून अंग वर ओढत. उभा राहिला तो चवड्यांवर, टाचा टेकतच नव्हत्या. चार पावलं टाकली तर गुडघ्यावर गुडघा घासला. वसंताच्या मनात आलं ते त्यानं तिथंच दाबून टाकलं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे होते, खेड्यापाड्यांत नोकरी करून आलेले. त्यांनी पायाला हात लावायच्या आधीच विचारलं, "लाख खाता?"

"खातो नं," रुख्माबाई म्हणाली. "पण पेपरात आलं होतं का काही होत नाही. आधारासकट आलं होतं."

"कोणत्या गाढवानं लिहिलं?"

वसंत खिडकीपाशी उभा होता. रुख्माबाईनं त्याच्याकडे पाहिलं. टेबलावर आडवा पडलेला नत्थूजी छताकडे पाहत म्हणाला, "असंच कोणी तरी, साहेब. आपल्याले काय माहीत."

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. डाळ आज, आत्ता बंद करायची. गेलेलं परत येणार नाही, पण आहे तेवढं राहील. काठी घेऊन चालता येईल, हलक्या पावडीवर बसताही येईल कदाचित. खात राहिलात तर मात्र तेही जाईल.

परतताना सायकलरिक्षात नत्थूजी म्हणाला, "गाढव म्हणे. मोठा आला. त्यानं कोणता आधार दाखवला गा? तोंडानं तं कोणीही बोलते."

"तरी बंद कर, दादा."

"काहून? तू चुकीचं लिहिलं का?"

आता इथं 'हो' म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण ज्यानं स्वतःच्या पायांवर आपल्याला उभं केलं, त्याच्या पायांकडे पाहून ते म्हणायचं होतं. वसंत म्हणाला, "नाही."

"मंग झालं तं," नत्थूजी म्हणाला आणि त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं.

शनिवारी वसंत वाचनालयात गेला आणि तो चकचकीत लेख त्यानं पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. चौदा पानं होती. तेराव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं की हा प्रयोग वाढ आणि वजन पाहण्यासाठी होता. उंदरांना हा पायांचा रोग मुळात होतच नाही. म्हणून यावरून माणसांसाठी ही डाळ निर्धोक आहे असा अर्थ कोणी काढू नये. इतकं स्वच्छ लिहिलं होतं. वसंतानं ते तीनदा वाचलं. मग कपाटातून तो जुना लेख काढला. त्यातल्या सातव्या माणसाची हकिगत अशी होती की तो कोष्टी होता आणि पावडी उशिरा हलू लागली तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं. कारकून म्हणाला, तास झाला. वसंतानं दोन्ही लेख कपाटात ठेवले आणि तो उठला.

तिथून तो थेट भावाकडे गेला असता तर ही गोष्ट मी इथंच संपवली असती. तो गेला चंपतरावांकडे.

"खुलासा?" चंपतराव म्हणाले. "अहो, आपला आधार चुकला असं आपणच छापायचं? उद्या चहावर विश्वास नाही, डालड्यावर नाही, कशावरच नाही. आणि खुलाशाला आधार काय देणार?"

"तोच. त्याच लेखाचं शेवटचं पान."

चंपतराव हसले. "म्हणजे एकाच साक्षीदारानं होही म्हणायचं आणि नाहीही." मग थोडे गंभीर झाले. माणूस अगदीच निगरगट्ट नव्हता. "असं करा, जुन्याचं नाव काढू नका. नवीन मजकूर म्हणून द्या, लाखोळीपासून सावध राहा, वगैरे. पण या अंकात जागा नाही. पुढल्या नाही तर त्याच्या पुढल्या."

वसंताला त्यातच सुटल्यासारखं वाटलं. छापून आलं की दादा वाचेल, आपोआप कळेल, तोंडानं सांगावं लागणार नाही. या आशेवर त्यानं दोन आठवडे काढले. मधले दोन्ही रविवार तो गेला, जेवला. स्वतः भात आणि लोणचं घेतलं, पोट बरं नाही म्हणाला. नत्थूजीच्या ताटात लाखोळीचाच झुणका होता. "जरा कमी खात जा, दादा," एवढं तो म्हणाला. नत्थूजीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अंक निघाला. वरातीमागून घोडं निघालं एकदाचं. रविवारी वसंत पोचला तेव्हा नत्थूजी भिंतीला टेकून बसला होता आणि त्याची काठी कोपऱ्यात पडून होती. गेल्या चार दिवसांत काठीनंही उभं राहणं होत नव्हतं. मांडीवर नवा अंक होता. भिंतीवरचं जुनं कात्रण रुख्माबाईकडून उलथन्यानं खरवडून काढून घेतलं होतं, तेही शेजारी ठेवलेलं. चौथीपर्यंतच शिकलेला माणूस, पण वीस वर्षांत हजार लुगड्यांच्या किनारी जुळवलेला. दोन कागद एकाखाली एक धरून त्यानं बोट ठेवलं.

"हा आधार आणि हा आधार. नाव तेच, महिना तोच, साल तेच."

वसंत खाली बसला.

"तेव्हा तू पुरं वाचलं नव्हतं," नत्थूजी म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"नव्हतं."

"कधी वाचलं मंग?"

"दवाखान्यात गेलो, त्याच्यानंतरच्या शनिवारी."

नत्थूजीनं मनात दिवस मोजले. "मागचे दोन्ही रविवार तू जेवला इथं."

"हाव."

"माह्या ताटात काय होतं ते पाहिलं होतं?"

"हाव, दादा."

चुलीपाशी रुख्माबाईच्या हातून तवा निसटला. ती बाहेर आली नाही. आतूनच रडण्याचा आवाज येत राहिला, शिव्या देणारा नाही, नुसता रडण्याचा, आणि वसंताला वाटलं, हिनं शिव्या तरी द्याव्यात. नत्थूजी आपल्या पायांकडे पाहत होता. कुणी परके येऊन घरात बसले असावेत तसं.

"मी तुले शिकवलं," तो म्हणाला, "का घरात एक तरी वाचणारा असावा." मग त्यानं बायकोला हाक मारली. "रुख्मा, डब्यातली डाळ फेक. कोणाले देऊ नको, गटारात फेक."

आणि वसंताला म्हणाला, "अकरा घरं आहेत. मी सांगत गेलो होतो. आता माह्यानं जाणं होत नाही, आणि तू नुसता पेपर घेऊन गेला तं कोणी मानणार नाही. चाल, पाठीवर घे मले. पाय पाहतीन तेव्हा मानतीन."

भर दुपारची वेळ होती, मागांचा खटखटाट गल्लीभर चालू होता. वसंतानं भावाला पाठीवर घेतलं. माणूस अर्धा झाला होता, तरी जड होता. त्याचे पाय दोन्ही बाजूंनी ताठ बाहेर निघाले होते, दुमडतच नव्हते. दारातून निघताना ते चौकटीला लागले, तेव्हा वसंताला तिरकं व्हावं लागलं. पहिल्या घरी नत्थूजी बोलला, वसंत मान खाली घालून उभा होता. दुसऱ्या घरी नत्थूजी म्हणाला, "तू सांग. लिहिलं तू होतं." मग वसंतानं सांगितलं. मी उंदरांचं वाचून माणसांचं लिहिलं, मी शेवटचं पान वाचलं नाही, डाळ बंद करा. तिसऱ्या, चौथ्या घरीही सांगितलं. लोक ऐकत होते, पायांकडे पाहत होते. एका म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं.

पाचवं घर तुळसाबाईचं. आत माग बंद होता. भर दुपारी बंद माग पाहूनच वसंत उंबऱ्यावर थबकला.

"या नं, वसंतभाऊ," तुळसाबाई म्हणाली. "अरे बाप्पा, नत्थूजी, तुमचंही तसंच झालं का?"

आतून तिचा मुकुंद आला, भिंत धरत, चवड्यांवर. चोवीस वर्षांचा पोरगा. त्याची नवी बायको मागं उभी होती, त्याला धरू की नको अशी. मुकुंदानं नत्थूजीच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि ओशाळल्यासारखा हसला.

वसंतानं सांगायला तोंड उघडलं. त्याच्या गळ्याभोवतीचे नत्थूजीचे हात आवळले गेले. त्यानं सांगितलं, सगळं, आधीच्या घरांत सांगितलं होतं तेच. तुळसाबाईनं नीट ऐकून घेतलं. तिला राग आला नाही. राग यायला, वाचणारा माणूसही चुकतो हे आधी पटावं लागतं.

"ते डाळीचं राहू द्या, भाऊ, आजपासून बंद," ती म्हणाली. "पण याच्यावर काही औषध निघालं असंन तं पाहा नं. तुम्ही वाचता."

"नाही निघालं, मावशी," वसंत म्हणाला.

"असं कसं? एवढे मोठे मोठे पुस्तकं." तिनं मुकुंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "घाई नाही. पुढच्या अंकात छापलं तरी चालते."